ग्वाल्हेरची वाट आणि व्यवस्थापनाची पदवी

बारावीचा निकाल लागला, की आपल्या गावांतील घराघरांत एकच चर्चा सुरू होते : आता पुढे काय? पूर्वी या प्रश्नाची उत्तरे मोजकीच असत. मुलगा शिक्षक होई, कारकून होई, रेल्वेत अथवा गिरणीत लागे, नाहीतर वाडीत बापाच्या बरोबरीने राबे. मुलगी परिचारिका होई अथवा शाळेत शिकवू लागे. आज उत्तरांची संख्या वाढली आहे आणि तिच्याबरोबर मनाचा गोंधळही वाढला आहे.

अलीकडे ज्या अभ्यासक्रमाचे नाव वारंवार कानी पडते, तो व्यवस्थापनाचा, म्हणजे बी.बी.ए. चा. एखाद्या दूरच्या विद्यापीठाची रंगीत माहितीपुस्तिका घरी येते. तिच्यात कोट-टाय घातलेली हसतमुख मुले असतात, काचेच्या इमारती असतात आणि शेवटच्या पानावर शुल्काचा तक्ता असतो. तो तक्ता पाहून बाप गप्प होतो. थोड्या वेळाने तो विचारतो, "हे शिकून तू नेमका कोण होणार?" डॉक्टर होणाऱ्याला, इंजिनियर होणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. व्यवस्थापन शिकू पाहणाऱ्या मुलाला ते सहज देता येत नाही. आई तेवढ्यात राहण्या-जेवण्याची चौकशी करते आणि आजी विचारते, "एवढ्या लांब कशाला?"

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्या तिहींची उत्तरे शोधण्याचा येथे यत्न केला आहे. उदाहरणादाखल शहर घेतले आहे ते ग्वाल्हेर. महाराष्ट्राबाहेर असूनही मराठी माणसाला ते परके नाही, आणि व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या निरनिराळ्या तऱ्हेच्या संस्था त्या एकाच शहरात पाहावयास मिळतात.

व्यवस्थापन म्हणजे काय?

माणसे, पैसा, वेळ आणि सामग्री या चार गोष्टी कधीच पुरेशा नसतात. ज्या आहेत त्यांतून ठरविलेले काम पार पाडावयाचे आणि त्याचा चोख हिशेब द्यावयाचा, याला व्यवस्थापन म्हणतात. या अर्थाने पाहिले तर ही विद्या आपल्या गावांना नवी नाही. वसईच्या भागात १९१८ साली मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने एक सहकारी पतसंस्था उभी राहिली. सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या साध्या माणसांनी आपापली अल्प बचत एकत्र केली आणि त्यांतूनच गरजूंना कर्जे दिली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. तिच्या आरंभीच्या चालकांपाशी व्यवस्थापनाची पदवी नव्हती, कारण त्या काळी आपल्या देशात अशी पदवीच नव्हती. परंतु दुसऱ्याचा पैसा आपल्या हाती विश्वासाने आला आहे आणि त्याचा पै-पैचा जाब आपल्याला द्यावयाचा आहे, ही जाणीव त्यांच्यापाशी होती. व्यवस्थापनाचा गाभा तोच होय. बाकीचे तंत्र आहे, आणि तंत्र शिकता येते.

हे तंत्र विद्यापीठात शिकविण्याची कल्पना प्रथम अमेरिकेत रुजली. जोसेफ व्हार्टन नावाच्या एका कारखानदाराने १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लक्ष डॉलरची देणगी दिली आणि तिच्यातून विद्यापीठातील पहिली व्यवसाय-शाळा स्थापन झाली. ती पहिल्यापासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी होती, म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी. पदवीनंतर घ्यावयाची एम.बी.ए. ही पुढची पायरी हार्वर्ड विद्यापीठात १९०८ साली सुरू झाली.

आपल्याकडे क्रम उलटा लागला. मुंबईचे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय १९१३ चे खरे, पण तेथील शिक्षण वाणिज्याचे होते. व्यवस्थापनाचे स्वतंत्र शिक्षण आले ते वरच्या पायरीवर. जमशेदपूरची एक्सएलआरआय ही संस्था येशूसंघीय धर्मगुरू फादर क्विन एनराइट यांनी १९४९ मध्ये स्थापन केली. कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये निघाल्या. गोव्याची व्यवस्थापन संस्था फादर रोम्युअल्ड डिसोझा या दुसऱ्या येशूसंघीयाने १९९३ मध्ये उभारली. या संस्थांची दारे बहुधा पदवीधरांसाठीच उघडत. बारावी झालेल्या मुलाला व्यवस्थापनाची पदवी सर्रास मिळू लागली ती फार पुढे. मुंबई विद्यापीठाचा बी.एम.एस. हा अभ्यासक्रम १९९९ मध्ये आला, तर इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम २०११ मध्ये सुरू केला. आईबापांना ही पदवी अनोळखी वाटते याचे कारण हेच. त्यांच्या तरुणपणी ती जवळजवळ नव्हतीच.

शिंद्यांचे शहर

ग्वाल्हेरला जाणारी पंजाब मेल संध्याकाळी मुंबईहून निघते. वसईकडच्या माणसाला ती कल्याणला गाठता येते, अहिल्यानगर वा छत्रपती संभाजीनगरकडच्या माणसाला मनमाडला. भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी अशी स्थानके मागे टाकीत दुसऱ्या दिवशी दुपारी ती ग्वाल्हेरला पोहोचते. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. डोंगरावरचा किल्ला गाडीतूनच दिसू लागतो.

हे शहर मुळात तीन वस्त्यांचे बनले आहे : किल्ल्याखालचे जुने ग्वाल्हेर, पूर्वीची छावणी मुरार, आणि लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये आपल्या सैन्याचा तळ जेथे दिला, तेथेच पुढे वस्ती वाढली, म्हणून तिचे नाव लष्कर. शिंद्यांबरोबर आलेली मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. कवी भास्कर रामचंद्र तांबे यांचे अखेरचे दिवस याच शहरात गेले. १९६१ चे मराठी साहित्य संमेलन येथेच भरले आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष होत्या. संमेलनाच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री बसली ती ग्वाल्हेरात. ख्याल गायकीचे सर्वांत जुने घराणे याच गावाचे, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे नगर म्हणून मान दिला. आपल्या माणसांना हेही जाणून घ्यावेसे वाटेल, की १९९९ पासून ग्वाल्हेर हा स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत आहे.

शिक्षणाच्या दृष्टीने येथील संस्था तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार सरकारी विद्यापीठाचा. जिवाजी विद्यापीठ १९६४ मध्ये स्थापन झाले. ग्वाल्हेरचे शेवटचे राज्यकर्ते महाराज जिवाजीराव शिंदे यांचे नाव त्याला दिले आहे, आणि या भागातील अनेक महाविद्यालये त्याला संलग्न आहेत.

दुसरा प्रकार केंद्र सरकारच्या विशेष संस्थांचा. पर्यटन मंत्रालयाची भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ मध्ये निघाली. तिचे मुख्य ठाणे ग्वाल्हेरात असून भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर आणि गोवा येथे तिच्या शाखा आहेत. पर्यटन व्यवसायातील बी.बी.ए. चा अभ्यासक्रम या संस्थेने अमरकंटकच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू केला. दुसरी विशेष संस्था म्हणजे १९९७ ची भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था. ग्वाल्हेरात जन्मलेले माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव तिला दिलेले आहे. येथे बारावीनंतर पाच वर्षांत माहिती तंत्रज्ञानातील बी.टेक. आणि त्यापुढील एम.बी.ए. असा जोड अभ्यासक्रम आहे. मात्र तेथे जाण्याचा मार्ग जे.ई.ई. या अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेतून जातो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रकार खासगी विद्यापीठांचा. आयटीएम आणि ॲमिटी ही दोन नावे ग्वाल्हेरात सर्वांना ठाऊक आहेत. व्यवस्थापनाची स्वतंत्र शाळा, मोठा परिसर आणि वसतिगृहे ही अशा विद्यापीठांची सर्वसाधारण वैशिष्ट्ये, आणि सरकारी संस्थांहून अधिक शुल्क हेही एक वैशिष्ट्यच.

वर्गात काय शिकवितात?

पदवी तीन वर्षांची असते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर चौथे वर्ष पुरे करून ‘ऑनर्स’ची पदवी घेण्याची सोय झाली आहे. तीन वर्षांसाठी किमान १२० आणि चार वर्षांसाठी १६० श्रेयांक मिळवावे लागतात. एका वर्षानंतर थांबावे लागल्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळू शकते, परंतु अशा थांब्याच्या अटी ज्या त्या विद्यापीठात विचारून घ्याव्या.

विषय बहुतेक सर्वत्र सारखेच : हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यापारी कायदा, विपणन, वित्त, मनुष्यबळाची व्यवस्था, संगणकाचा उपयोग, आणि सुट्टीत एखाद्या कंपनीतील प्रत्यक्ष उमेदवारी. नावे जड आहेत, पण त्यांच्या आतील गोष्ट पुष्कळदा आपल्या अंगणातीलच असते.

एक उदाहरण घेऊ. आगाशीकडच्या राजेळी केळ्यांची सुकेळी प्रसिद्ध आहेत. समजा, एका कुटुंबाने सुकेळ्यांचा धंदा काढला. शेडचे भाडे, यंत्राचा हप्ता आणि वीज मिळून दरमहा १२,००० रुपये खर्च येतो. माल होवो वा न होवो, हा खर्च चुकत नाही. त्याला स्थिर खर्च म्हणतात. एक किलो सुकेळी करावयास केळी, मजुरी व पुडा धरून २४० रुपये लागतात. हा बदलता खर्च. माल ४०० रुपये किलोने विकला जातो. म्हणजे प्रत्येक किलोमागे १६० रुपये हाती उरतात, आणि ते प्रथम स्थिर खर्च भागविण्यासाठी जातात. बारा हजारांना एकशे साठांनी भागले असता पंच्याहत्तर येतात. महिन्याला पंच्याहत्तर किलोपर्यंत या कुटुंबाला नफा नाही, तोटाही नाही. शहात्तराव्या किलोपासून नफा सुरू होतो. अभ्यासक्रमात या बिंदूला समतोलबिंदू म्हणतात.

आता दुकानदार म्हणाला, "भाव तीनशेवीस करा, मी दुप्पट माल घेतो." ऐकावयास गोड वाटते. परंतु मग किलोमागे ऐंशीच रुपये उरतात आणि समतोलबिंदू दीडशे किलोवर जातो. माल दुप्पट करूनही कुटुंब आपल्या मूळ जागेवरच राहते, वर उन्हात श्रम मात्र दुप्पट होतात. त्यातही दुकानदाराने दोन महिन्यांच्या उधारीवर माल नेला, तर कागदावर नफा दिसत असताना केळी आणावयास हाती पैसा नसतो. पुष्कळ धंदे बुडतात ते तोट्याने नव्हे, तर अशा अडकलेल्या पैशाने. हा साधा हिशेब ज्याला उमगला, त्याला बी.बी.ए. च्या पहिल्या वर्षाचा मोठा भाग उमगला असे समजावयास हरकत नाही.

दुसरा भाग माणसांचा. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ मधील आपल्या ग्रंथात कामाचे मोजमाप करून उत्पादन वाढविण्याची रीत मांडली. पुढे शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड, विश्रांतीची वेळ अशा गोष्टी बदलून काम किती वाढते हे पाहावयाचे होते. पाहणाऱ्यांनी निष्कर्ष काढला तो निराळाच. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे आणि सोबत्यांशी आपले जुळते आहे, या जाणिवेचा कामावर मोठा परिणाम होतो, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या प्रयोगांच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण मजूर हा केवळ हात नसून माणूस आहे, हा विचार तेव्हापासून व्यवस्थापनाच्या वर्गात कायमचा आला.

बंद गिरणीचा धडा

पुस्तकाबाहेरचा एक धडा ग्वाल्हेर शहर स्वतःच शिकविते. १९२१ मध्ये घनश्यामदास बिर्ला यांनी येथे जियाजीराव कॉटन मिल काढली. तिच्याभोवती जी वस्ती वसली तिचे नावच बिर्लानगर पडले. ग्वाल्हेरच्या कापडाचे नाव देशभर गाजले. हजारो घरांची चूल त्या गिरणीच्या भोंग्यावर पेटत असे. १९९० च्या दशकात ही गिरणी बंद पडली.

मुंबईच्या गिरण्यांची कथा ज्यांच्या घरात घडली आहे, त्यांना याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. देशभरातील मोठ्या कापडगिरण्या याच सुमारास खंगत गेल्या. यंत्रे जुनी झाली आणि ती वेळेवर बदलली गेली नाहीत. यंत्रमागांचे कापड स्वस्त पडू लागले. कृत्रिम धाग्याने लोकांची आवड पालटली. मालक आणि कामगार यांच्यातील तंटे लांबले. यातील प्रत्येक गोष्ट व्यवस्थापनाच्या एकेका प्रकरणात शिकविली जाते : यंत्राचा घसारा दरवर्षी बाजूला काढून ठेवणे, प्रतिस्पर्ध्याचा खर्च ओळखणे, गिऱ्हाइकाची बदलती आवड हेरणे, कामगारांशी वेळीच बोलणी करणे.

मात्र घसारा न काढल्याची शिक्षा घसारा न काढणाऱ्याला क्वचितच भोगावी लागते. ती भोगतो मागावरचा माणूस आणि त्याची शाळेत जाणारी मुले. व्यवस्थापकाने टेबलावर घेतलेला निर्णय शेकडो स्वयंपाकघरांत जाऊन पोहोचतो. म्हणून ग्वाल्हेरात व्यवस्थापन शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याने एकदा तरी बिर्लानगरात फिरून यावे. आपण जे शिकतो आहो ते कोणासाठी, याचे उत्तर त्याला तेथे मिळेल.

घरातला पहिला हिशेब

आता बापाच्या गप्प बसण्याकडे वळू. शुल्क प्रत्येक संस्थेत वेगळे आणि दरवर्षी बदलणारे, म्हणून येथे कोणा एका संस्थेचा आकडा देत नाही. समजा, शिकवणी, वसतिगृह आणि जेवण मिळून वर्षाला दोन लाख रुपये लागतात आणि ते तीन वर्षे बँकेकडून दहा टक्के व्याजाने घेतले. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सामान्यतः शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. पुष्कळांना वाटते, तोवर व्याज थांबलेले असते. ते थांबलेले नसते. सरळ व्याजाने मोजले तरी पहिल्या दोन लाखांवर चार वर्षांचे ८०,०००, दुसऱ्यावर तीन वर्षांचे ६०,००० आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचे ४०,००० असे १,८०,००० रुपये चढतात. सहा लाखांचे कर्ज पहिल्या हप्त्याच्या दिवशी सात लाख ऐंशी हजारांचे झालेले असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे १०,३०० रुपये भरावे लागतात. एकूण भरणा होतो बारा लाख सदतीस हजारांच्या आसपास.

हा आकडा भीती घालण्यासाठी मांडलेला नाही. नव्या पदवीधराला पहिल्या नोकरीत मिळणाऱ्या पगारातून परगावचे भाडे आणि जेवण भागवून एवढा हप्ता निघेल काय, हा प्रश्न प्रवेशापूर्वी विचारावा, एवढाच हेतू. निघत असेल तर कर्ज घ्यावे, त्यात कमीपणा नाही. शिक्षण चालू असतानाच व्याज भरीत गेल्यास बोजा बराच हलका राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक उत्तम संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण व जामीनदाराविना कर्ज, आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत, असे तिचे स्वरूप आहे. आपली संस्था त्या यादीत आहे किंवा नाही, हे अर्ज करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

निघत नसेल तर मात्र वडिलोपार्जित वाडीचा तुकडा विकण्याची घाई करू नये. जमीन एकदा गेली की परत येत नाही, आणि पदवी दुसऱ्या, स्वस्त ठिकाणीही मिळू शकते. महाराष्ट्रातील पुष्कळ महाविद्यालयांत बी.बी.ए. व बी.एम.एस. आहे, आणि २०२४ पासून राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्या प्रवेशासाठी सामायिक परीक्षा सुरू केली आहे. घरी राहून शिकणाऱ्याचा वसतिगृहाचा खर्च तर संपूर्णच वाचतो.

संस्था पारखावी कशी?

बाजारात आपण नारळसुद्धा वाजवून घेतो. मग मुलाची तीन वर्षे ज्या संस्थेला द्यावयाची, ती न पारखता कशी घ्यावी?

पहिली गोष्ट मान्यतेची. विद्यापीठ असल्यास त्याचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे ना, हे पाहावे. खोट्या विद्यापीठांची यादीही हा आयोग प्रसिद्ध करितो. संलग्न महाविद्यालय असल्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे ना, हे विचारावे. बी.बी.ए. साठी ही मान्यता २०२४-२५ या वर्षापासून लागू झाली. त्यापूर्वी विद्यापीठाची संलग्नता पुरत असे. पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार, हेही लेखी विचारावे, कारण शिकविणारी संस्था एक आणि पदवी देणारे विद्यापीठ दुसरे, असे पुष्कळदा असते.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. २०२२ पासून अनेक विद्यापीठे सीयूईटी या देशव्यापी परीक्षेतून विद्यार्थी घेतात, तर काही स्वतःची परीक्षा व मुलाखत घेतात. जो मध्यस्थ परीक्षेविना जागा मिळवून देण्याचे वचन देऊन रोख पैसे मागतो, त्याला दाराबाहेरूनच निरोप द्यावा.

तिसरी गोष्ट नोकरीची. पुस्तिकेत सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ठळक छापलेला असतो. तो एका विद्यार्थ्याचा असतो. आपण विचारावयाचे ते निराळेच : गेल्या वर्षी बी.बी.ए. होऊन किती मुले बाहेर पडली, त्यांतील कितींना नोकरी लागली, आणि पगाराच्या क्रमाने सर्वांना उभे केले असता मधोमध उभ्या राहणाऱ्या मुलाला किती मिळाले? हा मधला आकडा खरी गोष्ट सांगतो. एम.बी.ए. झालेल्यांचे आकडे बी.बी.ए. च्या पुस्तिकेत मिसळलेले नाहीत ना, हेही पाहावे. शक्य झाल्यास त्या संस्थेच्या दुसऱ्या वर्षातील एखाद्या विद्यार्थ्याशी बोलावे. पुस्तिकेतील वीस पानांपेक्षा त्याची वीस मिनिटे अधिक उपयोगी पडतील.

"एवढ्या लांब कशाला?"

राहिला आजीचा प्रश्न. दूर जाण्याने माणूस काही गमावतो आणि काही कमावतो. ग्वाल्हेरचा उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. हिवाळ्यात दाट धुके आणि हाडे गोठविणारी थंडी. समुद्रकाठच्या मुलाला हे दोन्ही नवे. ताटात भाताऐवजी पोळी, मासळी दुर्मिळ, आणि बोली हिंदी. शिकविणे मात्र बहुतांशी इंग्रजीतून. मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले सहा महिने जड जातात. तो बुद्धीने कमी असतो असे नव्हे. त्याला फक्त वर्गात उठून बोलण्याचा सराव नसतो, आणि व्यवस्थापनाच्या वर्गात बोलावे तर लागतेच. हा सराव जाण्यापूर्वीच्या सुट्टीत घरीच सुरू करावा. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे आणि वाचलेले आपल्या शब्दांत कोणाला तरी सांगावे.

याच्या बदल्यात मिळते ती निरनिराळ्या प्रांतांतील सोबत्यांची संगत. चंबळच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि वसईच्या बागायतदाराची मुलगी एकाच गटात बसून एखाद्या दुकानाचा ताळेबंद मांडतात, तेव्हा दोघांचीही दृष्टी विस्तारते. माणसे सांभाळण्याची विद्या शिकावयाची, तर माणसांच्या तऱ्हा पाहावयास हव्यातच.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलावी. बी.बी.ए. ही पदवी म्हणजे मालकाच्या खुर्चीचा परवाना नव्हे. पहिली नोकरी बहुधा विक्रीची, ग्राहकांशी बोलण्याची, बँकेच्या अथवा हॉटेलच्या काउंटरवरची असते. वर चढावयाचे तर पुढे एम.बी.ए. करावी लागते, अथवा अनुभवाने पायऱ्या चढाव्या लागतात. ज्या मुलाला माणसांत मिसळणे नकोसे वाटते किंवा आकड्यांचा तिटकारा आहे, त्याला केवळ शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून तेथे ढकलू नये. उलट, ज्या मुलीने गावच्या सणाचा जमाखर्च न सांगता व्यवस्थित लिहून ठेवला, जिने रुसलेल्या दोन मैत्रिणींना एका कामाला जुंपले, तिच्या अंगी ही विद्या आधीच अंकुरलेली आहे. तिला पाणी घालावे.

प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे आणि एका कोऱ्या कागदाच्या मधोमध रेघ ओढावी. डावीकडे शुल्क, व्याज, प्रवास, दूर राहण्याचे कष्ट लिहावे. उजवीकडे मिळणारी विद्या, नोकरीची खरी शक्यता आणि मुलाची आवड लिहावी. लेखणी मुलाच्या हाती द्यावी आणि आईबापांनी प्रश्न विचारावे. तो कागद प्रामाणिकपणे भरला गेला, तर बापाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यातच मिळेल. निर्णय ग्वाल्हेरला जाण्याचा होवो वा गावाजवळच शिकण्याचा, मुलाने आपला पहिला ताळेबंद त्या रात्री मांडलेला असेल, आणि तोही घरच्या पैशाचा, घरच्या माणसांसमोर.